ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, येथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे ते स्पष्ट राहील. तुमची नाशिकची मैत्रीण ४१ वर्षांची असून एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या हातात महिन्याला ४६,००० रुपये पगार येतो, यजमानांचे सातपूरला फॅब्रिकेशनचे लहानसे वर्कशॉप आहे आणि दोन्ही मुले शाळेत आहेत. 'पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरीतून मोकळे व्हा' अशा धर्तीचे व्हिडिओ पाहून तिने तुम्हाला विचारले की आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे काय आणि आपल्यासारख्यांना ते जमते का. तुम्ही स्वतः दहा वर्षे गुंतवणूक करत आहात आणि तिला शिकवण्याची तुमची मनापासून इच्छा आहे, पण मैत्रीला धक्का न लावता कुठून सुरुवात करावी हे तुम्हाला उमगत नाही. शेवटी तुम्ही असेही लिहिले आहे की पुढच्या महिन्यात तिचा भिशीचा नंबर लागणार आहे आणि ते ६०,००० रुपये 'तूच कुठल्या तरी चांगल्या फंडात टाकून दे' असे ती तुम्हाला म्हणते आहे.

मी १४ वर्षे एका सहकारी बँकेत काम केले आणि त्यानंतर गेली काही वर्षे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार म्हणून काम करते आहे. काउंटरच्या दोन्ही बाजूंनी जे पाहिले त्यावरून सांगते की तुमच्या मैत्रिणीचे शिक्षण फंडापासून सुरू करू नका. आर्थिक स्वातंत्र्य या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. जिच्या उत्पन्नावर घरखर्च भागेल एवढी पुंजी साठणे ही एक गोष्ट, आणि आपण मिळवलेला पैसा आपल्या नजरेखाली व आपल्या शब्दावर चालणे ही दुसरी. व्हिडिओ पहिलीबद्दल बोलतात. माझ्या टेबलासमोर बसलेल्या कमावत्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडलेल्या असत, आणि ती झाल्याशिवाय पहिलीचा हिशेब मांडणे म्हणजे पाया न घेता गच्चीचा कठडा रंगवण्यासारखे आहे.

म्हणून तिला पहिला प्रश्न विचारा तो असा: तुझ्या पगाराच्या खात्याचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु बँकेत असताना मी असे कितीतरी अर्ज हाताळले आहेत, ज्यांत खाते बाईंचे, पगार बाईंचा आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक मात्र यजमानांचा, भावाचा किंवा सासऱ्यांचा असे. यात बहुतेक वेळा कोणाचा दुष्ट हेतू नसतो. खाते उघडले त्या दिवशी तिची सकाळची पाळी होती, बँकेची कामे घरात तोच पाहत असे, तिच्याकडे तेव्हा साधा फोन होता, अशी कारणे असतात. परिणाम मात्र एकच होतो: पगार जमा झाल्याचा संदेश तिला येत नाही, कार्ड कुठे वापरले गेले ते तिला दिसत नाही आणि स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या इच्छेने १० रुपये हलवायचे झाले तरी तिला दुसऱ्याला 'जरा नंबर सांगा' असे म्हणावे लागते. अशी स्त्री महिन्याला ४६,००० मिळवत असली तरी तिची स्थिती खाऊच्या पैशांवर राहणाऱ्या मुलीसारखीच असते. फरक इतकाच की तो खाऊ तिने स्वतःच मिळवलेला असतो.

क्रमांक बदलणे अवघड नाही. आधार व पॅन घेऊन शाखेत जायचे, केवायसीचा अर्ज भरायचा आणि आपला क्रमांक नोंदवून घ्यायचा. पण हे काम लपून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'तुम्हाला काही झाले तर मला काहीच माहीत नसेल, म्हणून आपण दोघांनीही सगळे पाहिलेले असावे', एवढे वाक्य बहुतेक घरांत पुरते. तुम्ही ते तिच्या वतीने यजमानांशी बोलू नका. तिलाच बोलू द्या. घरात भांडण लावणारी मैत्रीण असा तुमचा लौकिक एकदा झाला की पुढचे सगळे शिक्षण तिथेच संपते. अपवाद एकच. पगार हिसकावून घेतला जात असेल, किंवा खर्चाला पैसे न देणे हे धाक दाखवण्याचे साधन झाले असेल, तर तो गुंतवणुकीचा विषय उरत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा वेळी सल्लागाराकडे न जाता संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे आणि १८१ या महिला मदत क्रमांकाचा उपयोग करावा.

क्रमांक बदलून झाला की पहिली खरी बैठक घ्या. तिला घरातली कागदांची पिशवी घेऊन यायला सांगा. प्रत्येक घरात ती असतेच, बहुधा साडीच्या दुकानाची किंवा मिठाईवाल्याची, कपाटातल्या साड्यांखाली ठेवलेली. त्यात विम्याच्या पॉलिसी, मुदतठेवीच्या पावत्या, जुन्या पगाराच्या स्लिपा, एखादी मुदत उलटून गेलेली पोस्टाची प्रमाणपत्रे असतात. सोबत गेल्या तीन महिन्यांचे पासबुक भरून आणायला सांगा आणि तुमच्या हातात पेन धरू नका. पेन्सिल तिच्या हातात द्या. प्रत्येक नोंदीपुढे ही रक्कम कशासाठी गेली ते तिने लिहायचे, आठवत नसेल तिथे प्रश्नचिन्ह काढायचे. तुम्ही त्या दोन तासांत एकही सल्ला द्यायचा नाही. मला स्वतःला हे जमायला बरीच वर्षे लागली, कारण आपल्याला उत्तर माहीत असताना गप्प बसणे फार जड जाते.

त्या पिशवीत काय निघेल याचा मी थोडा अंदाज बांधू शकते. एखादी पारंपरिक बचत विमा पॉलिसी निघेल: वीस वर्षांची, २ लाखांच्या विम्याची, वर्षाला १०,४०० रुपये हप्ता असलेली. तिला कागदावर गुणाकार करू द्या. वीस वर्षांत २,०८,००० रुपये भरले जातात. विम्याच्या रकमेवर दर हजारी वर्षाला ४२ रुपये बोनस धरला तर वर्षाचे ८,४०० आणि वीस वर्षांचे १,६८,००० होतात, म्हणजे शेवटी हातात ३,६८,००० येतात. ऐकायला दीडपटीहून जास्त वाटते, परंतु पैसे वीस वर्षे थांबले आहेत हे धरले तर वार्षिक परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपास निघतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिला उद्या काही झाले तर दोन मुलांच्या घराला मिळणारे विमासंरक्षण २ लाख आणि तोवरचा बोनस एवढेच आहे, म्हणजे तिचा जेमतेम काही महिन्यांचा पगार. मी येथे पॉलिसी बंद करा असे सांगत नाही. किती वर्षे भरून झाली आहेत यावर ते ठरते आणि अर्ध्यावर सोडल्यास तोटा होऊ शकतो. विमा आणि बचत या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एका कागदात बांधल्या की दोन्ही अर्धवट राहतात, हे तिला स्वतःच्या आकड्यांतून दिसले की त्या बैठकीचे काम झाले.

दुसरी वस्तू निघेल ती क्रेडिट कार्डाचे विवरण. समजा दिवाळीचे कपडे आणि मुलाचा मोबाइल मिळून ३८,००० थकले आहेत आणि ती दर महिन्याला 'किमान देय रक्कम' भरून आपण हप्ते फेडतो आहोत अशा समजुतीत आहे. महिन्याला ३.५ टक्के दराने यावर १,३३० रुपये व्याज आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,५६९ रुपये होतात. वर्षाचा हिशेब केला तर जगातला कोणताही प्रामाणिक फंड या व्याजाला पुरा पडणार नाही. ही थकबाकी असताना एसआयपीचा, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम फंडात गुंतवण्याचा, विचारसुद्धा करू नये.

येथे एक गोष्ट तुम्हाला बजावून सांगते, कारण शिकवणारी माणसे हमखास चुकतात ती इथेच. तुमची मैत्रीण अडाणी नाही. बारा बायकांची, दरमहा ५,००० रुपयांची भिशी कोण केव्हा उचलणार, कोणी मध्येच अडकली तर काय करायचे, हे सगळे ती वर्षानुवर्षे तोंडी सांभाळते आहे. भिशीला व्याज नसते, पण शिस्त असते, आणि ती विश्वासावर चालते. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी स्त्रियांची सहकारी बँक काढायचे ठरवले तेव्हा प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला होता. त्या बाया अक्षरे शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, असे त्यांनी सांगितले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आमच्या व्यवसायातली ही बहुतेक माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे. हिशेब लोकांना येतोच, त्यांना परका वाटतो तो कागद आणि कागदावरची भाषा. तुमचे काम त्या भाषेपुरते आहे.

पिशवीतून तिसरी गोष्ट कदाचित निघणार नाही, म्हणून ती तुम्ही मुद्दाम विचारा: यजमानांच्या वर्कशॉपच्या कर्जावर तिची सही आहे का? जामीनदार म्हणून आपण 'नुसती सही' केली आहे, असे घरोघर समजले जाते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकले तर बँक थेट तिच्याकडे येऊ शकते आणि तिचा सिबिलचा आकडाही, म्हणजे कर्ज देताना बँका पाहतात तो पतीचा गुणांक, त्यासोबत घसरतो. झालेली सही पुसता येत नाही, पण कर्ज किती, शिल्लक किती आणि तारण काय एवढे तिला माहीत असलेच पाहिजे. याच कारणाने यजमानांच्या नावाचा शुद्ध मुदतविमा, म्हणजे टर्म प्लॅन, या घरात गुंतवणुकीच्या आधी यायला हवा, आणि तो घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यावा. तसा घेतला की त्या विम्याची रक्कम पत्नी व मुलांसाठीचा विश्वस्त निधी ठरते आणि धंद्याचे धनको तिच्यावर हात ठेवू शकत नाहीत. अर्ज भरतानाच तो पर्याय निवडावा लागतो, नंतर नाही. दीडशे वर्षे जुना कायदा असूनही धंदेवाईक घरांतल्या स्त्रियांना त्याची माहिती क्वचितच असते.

भविष्य निर्वाह निधीबद्दल थोडक्यात. परिचारिका रुग्णालये बदलतात आणि प्रत्येक ठिकाणी पीएफचे एक खाते मागे राहते. ती सगळी एका युएएनखाली, म्हणजे पीएफच्या कायम राहणाऱ्या एकाच क्रमांकाखाली, आणून नव्या खात्यात वळवून घ्यावीत. या निधीवर २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळाले. एवढा दर देणारी आणि तितकीच सुरक्षित दुसरी जागा पगारदार माणसाला सहसा सापडत नाही, तेव्हा नोकरी बदलताना हे पैसे काढून खर्चायचे नाहीत. वारसनोंदही तपासा, लग्नाआधीच्या खात्यावर अजून आईचेच नाव असते. त्याच वेळी हेही सांगा की नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. सहसा नामनिर्देशित व्यक्तीने रक्कम स्वीकारायची आणि खऱ्या वारसांना द्यायची. म्हणून साधे दोन पानी मृत्युपत्र चाळिशीतही केलेले बरे.

आता एक माझी स्वतःची चूक सांगते, कारण तुमच्या ६०,००० रुपयांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यात आहे. बँकेत असताना एका जिवलग सहकारी मैत्रिणीने मला विचारले की वडिलांच्या निवृत्तीचे पैसे कुठे ठेवू. आमच्या बँकेपेक्षा गावातली एक पतसंस्था दोन टक्के जास्त व्याज देत होती, संचालक ओळखीचे होते, आणि मी सहज म्हणाले, 'तिथे ठेव ना, मीही ठेवलेत.' तीन वर्षांनी पतसंस्थेचे दार बंद झाले. माझे थोडे होते, तिच्या वडिलांचे जवळजवळ सगळे होते. पैसे परत आले ते तुकड्यातुकड्यांनी, कित्येक वर्षांत, आणि तोवर वडील गेले होते. ती मला कधी काही बोलली नाही. आमचे बोलणेच हळूहळू कमी होत गेले. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, सर्व शाखा आणि व्याज मिळून, ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसते. हे मला बँकेत काम करत असूनही तेव्हा कळायला हवे तसे कळले नव्हते, की कळूनही ओळखीपुढे मी ते बाजूला ठेवले होते, याचे उत्तर मी अजून स्वतःला दिलेले नाही.

तेव्हापासून माझा नियम असा की मैत्रीत 'इथे ठेव' असे म्हणायचे नाही. कसे तपासायचे ते दाखवायचे, कुठे ठेवायचे ते तिने ठरवायचे. तुम्हीही तिच्या वतीने पैसे गुंतवू नका, तिचे पासवर्ड घेऊ नका, तिच्या फोनवर आलेला ओटीपी तुम्ही भरू नका. नाहीतर यजमानांच्या जागी तुम्ही आलात, एवढाच बदल होईल. तिला खरोखर सल्ला हवा असेल तर सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०१३ च्या नियमांखाली नोंदणी झालेले सल्लागार असतात. त्यांचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. कमिशनवर फंड विकणारा वितरक आणि फी घेणारा सल्लागार यांच्यातला फरक तिला समजावा, एवढे मात्र तुम्ही जरूर पाहा.

आता तो मोठा आकडा. व्हिडिओत सांगतात की वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट पुंजी साठली की माणूस मोकळा. हा पंचवीसचा गुणक विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागाराच्या १९९४ च्या अभ्यासातून आला. अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांचा जुना इतिहास तपासून त्यांनी दाखवले की पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढून पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली तर पैसे ३० वर्षे पुरतात. तिथली महागाई वेगळी, तिथला बाजार वेगळा आणि कालावधी ३० वर्षांचा. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्या नाशिककर बाईला ४० वर्षे काढायची आहेत, तेव्हा हा गुणक तसाच उचलणे धोक्याचे आहे. मी अशा वेळी ३ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ३३ पटींचा हिशेब धरते. महिन्याला ४०,००० खर्च असेल तर २५ पटींनी १ कोटी २० लाख आणि ३३ पटींनी १ कोटी ५८ लाख होतात. चार वर्षांत हे या घरात होणार नाही, आणि ते तिला स्वच्छ शब्दांत सांगण्याचा प्रामाणिकपणा तुम्ही दाखवला पाहिजे.

अठ्ठावन्नाव्या वर्षाचा हिशेब अधिक खरा आहे. तेव्हा मुलांच्या फिया नसतील, कर्जाचा हप्ता नसेल, म्हणून आजच्या भावाने २८,००० रुपये धरू. महागाई ६ टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो आणि सतरा वर्षांनी हे २८,००० सुमारे ७५,००० होतात. वर्षाचे ९ लाख, आणि ३० पट धरले तर २ कोटी ७० लाख. दुसऱ्या बाजूला, आज १०,००० रुपयांची एसआयपी सुरू करून ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवत नेली आणि सरासरी १० टक्के परतावा मिळाला, तर सतरा वर्षांत साधारण ८५ लाख होतील. परताव्याची हमी कोणी देत नाही हे वेगळे. त्यात पीएफची रक्कम, यजमानांची बचत आणि निवृत्तीवेतनाची थोडी रक्कम मिळवली तरी खड्डा राहतोच. हे आकडे पहिल्या महिन्यात तिच्यापुढे टाकू नका. माणूस असा आकडा ऐकला की दोनच गोष्टी करतो, एकतर सगळे सोडून देतो किंवा झटपट दुप्पट करून देणाऱ्याच्या नादी लागतो. नाशिकने दुसऱ्या प्रकारचे नमुने पुरेसे पाहिले आहेत.

त्यापेक्षा तिला तिच्या कामातला प्रश्न विचारा: रात्रपाळी नाही म्हणायची हिंमत कधी येईल? मी ज्या परिचारिकांबरोबर काम केले त्यांच्याकडून हे शिकले. पन्नाशीला गुडघे आणि झोप दोन्ही बोलू लागतात. कमी पगाराची पण दिवसपाळीची क्लिनिकमधली नोकरी घ्यावीशी वाटते, आणि घेता येत नाही, कारण एका महिन्याचा पगार चुकला तरी घर हलते. त्या घरात सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवलेला असेल, कार्डाची थकबाकी नसेल, कुटुंबाचा आरोग्यविमा रुग्णालयाच्या गटविम्यावर अवलंबून नसेल (तो नोकरीबरोबर जातो), तर तीच बाई ५०व्या वर्षी पगारात १०,००० कमी घेऊन दिवसपाळी निवडू शकते. कोटीच्या आकड्याच्या कितीतरी आधी येणारे हे स्वातंत्र्य आहे, आणि ते चार-पाच वर्षांत तिच्या हाती येण्यासारखे आहे. तिच्या व्हिडिओतल्या माणसाने ते सांगितले नाही कारण त्याला रात्रपाळी नव्हती.

सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत साधी आवर्ती ठेव पुरे. त्यानंतर, आणि कार्ड शून्यावर आल्यावर, गुंतवणुकीचे बोलावे. पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते) तिने उघडले असेल तर एक छोटी युक्ती सांगा: व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकीवर मोजतात, म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरावेत. शेअर बाजाराबद्दल शिकवताना तक्त्यातली चढती रेघ आधी दाखवू नका, पडझड आधी दाखवा. निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, जानेवारी २०२० मध्ये १२,३६२ वर होता आणि २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला, सव्वादोन महिन्यांत ३८ टक्के खाली. १ लाखाचे ६२,००० झालेले त्या आठवड्यात तिला पाहवले असते का, विशेषतः वॉर्डात जे चालले होते ते पाहून घरी आल्यावर? नोव्हेंबरमध्ये निफ्टी जुन्या उंचीवर परत आला हे नंतर सांगा, आणि २००८ साली परत यायला याहून खूप वेळ लागला होता हेही सांगा. पाच-सात वर्षे ज्याला हात लावायचा नाही तेवढाच पैसा तिथे जातो, हे यातून आपोआप पटते. फंड निवडायची वेळ येईल तेव्हा निफ्टीवर आधारलेला एखादा साधा इंडेक्स फंड पुरेसा असतो. २०१३ पासून थेट योजना उपलब्ध आहेत आणि त्यांत वितरकाचे कमिशन नसल्याने खर्च कमी पडतो. मात्र बाजार पडल्यावर हात धरणारे कोणी नसेल तर तो वाचलेला खर्च घाबरून विकण्यात जातो, हेही मी पाहिले आहे.

मैत्रीबद्दल दोन शब्द. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, चहावर तासभर बसा. रोज दुवे आणि आलेख पाठवू नका. तुमचा स्वतःचा पोर्टफोलिओ तिला दाखवायचा मोह टाळा, कारण तुमची दहा वर्षे आणि तिचा पहिला महिना यांची तुलना तिच्या मनात नकळत होईल. उलट तुमच्या चुका सांगा, त्याने ती मोकळी होईल. तिने दोन महिने काहीच केले नाही तर आठवण एकदा करा, दुसऱ्यांदा नको. आणि तिला उसने पैसे द्यायची वेळ आली तर शिकवणी आणि उधारी एकाच वेळी चालवू नका.

राहता राहिली पुढच्या महिन्यातली भिशी. ती तुम्हाला फंडाचे विचारते आहे खरी, पण माझा अंदाज असा की मनात तिच्या बांगड्या आहेत. भिशीच्या पैशाला आपल्याकडे ती जुनी सवय आहे. नंबर लागण्याच्या आधीच्या बैठकीत दोन कागद शेजारी ठेवा: कार्डाचे विवरण आणि सोनाराचे अंदाजपत्रक. पहिल्यावर तिने दर महिन्याचे व्याज लिहावे, दुसऱ्यावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी. मग तुम्ही चहा ठेवायला आत जा आणि तिला ते पाहू द्या. कार्ड फेडून उरलेले २२,००० आवर्ती ठेवीच्या खात्याशेजारी जाऊन बसले तर उत्तमच. आणि तिने बांगड्याच घ्यायचे ठरवले तर नाराज न होता तिच्याबरोबर दुकानात जा. घडणावळ पावतीवर वेगळी दाखवली आहे ना आणि बांगडीवर अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा त्या दागिन्यापुरता क्रमांक, कोरलेला आहे ना, हे दुकानातले भिंग मागून घेऊन तिला स्वतःला पाहायला सांगा. पैसे देताना ओटीपी तिच्याच फोनवर येईल.